चक्राची मोहीम आणि अडलेला विडा

श्री कुलस्वामिनीचे पायीं मस्तक ठेवून लिहिणें आरंभिलें. शके सतराशें चोवीस, दुंदुभी नाम संवत्सर, कार्तिक मास, ते सालीं खाडीकांठचे एके दौलतींत चक्राची मोहीम जाहली, तिचा मजकूर धन्यांनीं विचारिला, म्हणोन स्मरलें तैसें लिहिलें. दौलतीचें नांव लिहूं नये ऐसी आज्ञा आहे आणि ती वाजवीच आहे. नांव कळून कोणास काय करावयाचें आहे, ऐसें हौशी घर थोडें कीं जेथें हें कधीं घडलें नाहीं.

ते समयीं दौलतीस चाळीस वर्षें लढाई ठाऊक नव्हती. तोफांच्या तोंडांत चिमण्यांनीं घरटीं केलीं, नगाऱ्याचें कातडें ढिलें पडलें, आणि सरकार खासे तिशीचे भरांत, हातपाय शिवशिवणारे, घटकाभर एके जागीं बसवेना ऐसी प्रकृति. सकाळीं उठून म्हणावें शिकारीस चला, वेशीपर्यंत जावें, तेथून म्हणावें माघारी चला, गाणें ऐकूं, आणि गाणाराने तंबोरा जुळविला नाहीं तों उठून तालमींत जावें. ऐसें चाललें असतां आश्विन अमावास्येच्या उधाणास एक टोपीकर, गास्पार नांवाचा, गलबत घेऊन खाडींत शिरला आणि धक्क्यापुढें नांगर टाकून राहिला. गलबतावर माल म्हणावा तर कांहीं नाहीं, एक शिसवी चक्र मात्र, परातीहून थोरलें, त्यास सदतीस घरें. अठरा लाल, अठरा काळीं, आणि एक हिरवें, त्यावर शून्य. चक्र फिरवावें, उलट अंगानें हस्तिदंती गोळी सोडावी, गोळी ज्या रंगाचे घरीं निजेल त्या रंगावर ज्यानें पैका मांडिला असेल त्यास तितकाच आणखी मिळावा, आणि दुसऱ्या रंगावरचा टोपीकरानें ओढून घ्यावा. हिरव्यांत पडली तर लालवाल्याचाही गेला आणि काळेवाल्याचाही गेला. इतकाच काय तो खेळ, परंतु सरकारांनीं पाहिला आणि बोलिले कीं हा खेळ नव्हे, हा किल्ला आहे, आणि हा घेतला पाहिजे. दरबारांत कोणी हसलें नाहीं. दरमहा पगार घेणारे लोक ऐशा वेळीं हसत नसतात.

मग मोहीम सुरू जाहली. कर्णे वाजले, नगाऱ्यास शेकून ताणून घेतलें, आणि खाशी स्वारी होडींत बसून गलबतावर चालून गेली. पहिले चार दिवसांत तोशाखान्यांतून चार हजार रुपये गेले. कसे गेले हें कोणास सांगतां येईना. एक म्हणे लाल बाजूनें दगा केला, एक म्हणे काळी फौज वेळेवर आली नाहीं. तेव्हां मातुश्री बाईसाहेबांनीं पोतनीस गिरमाजीपंत यांस पडद्याआडून बोलाविलें. पोतनीस म्हणजे दौलतीचे रोकडीचा राखणदार. हे पंत पन्नाशीचे, अंगानें काटक, स्वभावें चिंताळू, तोंडीं थोडें आणि पोटीं फार. पणजापासोन खजिन्याचा शिक्का यांचे घरीं. परंतु तरुणपणीं वडिलांशीं न पटल्यामुळें यांनीं पागेंत घोड्यांची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, मोजण्याचें काम बारा वर्षें केलें होतें, आणि खरें सांगावें तर तींच वर्षें त्यांस अजून गोड वाटत. तीनशें घोड्यांचीं तीनशें नांवें पंतांस पाठ, कोणतें हरभरा टाकतें आणि कोणतें दुसऱ्याचा खातें हेंही पाठ.

बाईसाहेब म्हणाल्या कीं सरकार ऐकणार नाहींत हें आम्हीं जाणतों, मोहिमेस सात हजार देतों, त्याचा जो निकाल लागायचा तो लागो. परंतु चंदीची पेटी, तींत नऊ हजार आहेत, कार्तिकापासोन ज्येष्ठापर्यंत गवत नाहीं, तितके महिने घोडीं त्या पेटीवर जगावयाचीं. ती पेटी चक्रापुढें गेली तर पाग विकावी लागेल. तुम्हीं बेलभंडार उचला. पंतांनीं बेलभंडार उचलला आणि शपथ वाहिली कीं देहांत प्राण आहे तोंवर चंदीचा रुपया हिरव्या घरीं जाणार नाहीं.

मग पंत तीन दिवस गलबतावर कोपऱ्यांत नुसते बसले आणि गोळी कोठें पडते तें पाहात राहिले, आणि चौथे दिवशीं जाबता, म्हणजे नियमांची यादी, लिहोन हुजुरास वाचून दाखविला. जाबत्यांत लिहिलें होतें कीं मोहिमेचा पैका निराळा, दौलतीचा निराळा, एकाचा हात दुसऱ्यास लागूं नये. सात हजारांच्या सात थैल्या, एका दिवसास एक, आजची सरली तर उद्याचीस हात घालूं नये. एका डावास दहा रुपये, म्हणजे थैलीचा शंभरावा हिस्सा, त्याहून अधिक मांडूं नये. थैली रिकामी जाहली तर उठावें, दिढी जाहली तरी उठावें, आणि दोहोंतून कांहींच न होईल तर सूर्य मावळतां उठावें. गेलेल्याचा सूड म्हणोन पुढील डाव वाढवूं नये, कारण गोळीस मागील कांहीं आठवत नाहीं. वाचून जाहल्यावर पंतांनीं हात जोडले आणि स्पष्ट बोलिले:

"महाराज, या जाबत्यानें चक्र जिंकत नाहीं. हिरवें घर त्यांचें आहे, तोंवर अखेरीस तेच घेणार. जाबत्यानें इतकेंच कीं किती द्यावें आणि केव्हां उठावें, हें आपले हातीं राहातें."

सरकार मान डोलावून ऐकत होते. ऐकून जाहल्यावर बोलिले कीं बहुत खाशी तजवीज, म्हणजे सात दिवसांत किल्ला पडतो. माणसास जें ऐकावयाचें असतें तेंच कानीं पडतें, त्यास जाबता काय करील. आणि सरनोबत शिदोजीराव, फौजेचे मुख्य, मिशांस पीळ देऊन म्हणाले कीं पंतांचा जाबता वाण्याचे दुकानीं शोभतो, आमचे लष्करांत दहा माणसें कापलीं गेलीं तर वीस धाडावीं, वीस पडलीं तर चाळीस, कुमक दुपटीची पाठवीत जावें, एकदां तरी फत्ते होते आणि मागील सर्व वसूल होतें. हें सर्वांस फार आवडलें. कुमक पाठविणें हा शब्दच मोठा मर्दानी, आणि उठणें म्हटलें कीं पळणें वाटतें. पंतांनीं खडूनें भुईवर दहा, वीस, चाळीस, ऐंशी ऐसें मांडून दाखविलें कीं सातवे पायरीस सहाशें चाळीस लागतात आणि तितके थैलींत उरत नाहींत. परंतु तोंवर फराळ आला आणि भुईकडे कोणी पाहिलें नाहीं.

कार्तिक शुद्ध नवमीस जाबत्याची मोहीम सुरू जाहली. पौर्णिमेच्या उधाणास, दोन प्रहरीं भरती येतांच, टोपीकर नांगर उचलणार होता, कारण त्यापुढें खाडींत एवढ्या गलबतास पाणी नाहीं. म्हणजे सात दिवस, सात थैल्या. पंतांनीं गणित सारें केलें होतें, एक गोष्ट मात्र ध्यानांत घेतली नाहीं, आणि ती इतकी रोजची होती कीं कोणाच्याच ध्यानांत येईना. या दौलतीची रीत ऐसी कीं पाहुणा कोणाचे बैठकीस बसला म्हणजे यजमानानें विडा द्यावा, अत्तर लावावें, मग पाहुण्यानें उठावें. विडा न घेतां उठला तो भांडून तरी गेला किंवा भिऊन तरी पळाला, तिसरा अर्थ नाहीं. सरदाराची ही कथा, मग खाशांनीं विड्यावांचून उठावें म्हणजे दौलतीची अब्रू खाडींत बुडाली. आणि टोपीकरास ही रीत ठाऊक जाहली होती. त्याचा दुभाषी लाडोबा, गोड बोलणारा, पानाचा शोकी, त्यानें आठ दिवसांत धन्यास सर्व शिकविलें. चक्राशेजारीं तिवईवर चांदीचें तबक, त्यांत विडे, वरतीं किनखाबी रुमाल, ऐसें रोज मांडलेलें असे. दिसे सर्वांस, मिळे मात्र टोपीकराचे मर्जीनें.

पहिले दिवशीं सरकार जाबत्यासारखे खेळले. दहा मांडले, दहा गेले, दहा आले, आणि दोन प्रहरांपर्यंत थैली होती तेथेंच होती. सरकार चुळबूळ करूं लागले कीं ही कसली लढाई, हे तर वाटाणे सोलणें आहे. मांडी बदलीत, लोड बदलीत, पंतांकडे पाहात, आणि पंत बोटानें दहाचा आंकडा दाखवीत. सूर्य मावळला तेव्हां थैलींत एक हजार चाळीस होते आणि पंतांचे जिवास बरें वाटलें कीं दिवस निभावला. ते खोकले. सरकारही उठावयास राजीच होते, पोटांत सकाळच्या खिरीवांचून कांहीं नव्हतें. मग सर्वांनीं तबकाकडे पाहिलें. टोपीकर हंसून चक्र पुसत बसला होता. एक घटका गेली, दिवे लागले, सरकारांचे पाय मुंग्यांनीं भरले, तरी विडा येईना. तेव्हां लाडोबा वांकून कानीं लागला कीं यजमानाची इच्छा ऐसी कीं पाहुण्यानें हातचें राखोन उठूं नये. पंतांस ते क्षणीं सर्व उमगलें. थैली भरली आहे तोंवर विडा नाहीं. सावकाश खेळावें तर सावकाश बसावें, आणि बसणें तर सरकारांस जन्मांत जमलें नव्हतें.

मग सरकारांनीं काय केलें कीं घरीं जावयास मिळावें म्हणोन पांचशें एकदम लालावर फेंकले. पंतांनीं डोळे मिटले. गोळी फिरली आणि लालांत पडली. लोकांनीं शाबास म्हटलें, कर्णे वाजले, आणि सरकारांचें तोंड रडवेलें जाहलें, कारण आतां पंधराशें चाळीस आणि उठणें आणखी लांब. मग सातशें मांडले ते गेले, उरले आठशें चाळीस तेही मांडले, गेले, आणि गोळी थांबली नाहीं तों टोपीकर उभा राहिला, कमरेंत वांकला, आणि विडा पुढें केला, अत्तर लाविलें, गुलाबपाणी शिंपडिलें. सरकार खुषीनें उठले. हजार रुपये देऊन जेवावयास मिळालें याचा आनंद करीत स्वारी माघारी आली. सरकारच मोहिमेचे सेनापति, त्यांच्या अकलेपुढें बोलणें नाहीं, म्हणोन आम्हीं येथें बोलत नाहीं.

दुसरे दिवशीं तेंच, तिसरे दिवशीं तेंच. सकाळीं दहा दहा, संध्याकाळीं कंबर धरली कीं शेंकड्यांनीं. चौथे दिवशीं सरकार हरावयास बसले आणि सहा वेळां ओळीनें जिंकले, तेव्हां कंटाळून त्यांनीं चक्रास शिव्या दिल्या. पंतांनीं सरकारांस एकांतीं विनविलें कीं एकदां विड्यावांचून उठावें, जगबुडी होत नाहीं. सरकार बोलिले कीं आमचे आजोबा विड्यासाठीं शत्रूचे डेऱ्यांत तीन दिवस बसले, तुम्हीं आम्हांस त्यांचें नांव घालवावयास सांगतां. चक्रानें नेलें नाहीं तितकें रीतीनें नेलें, आणि रीतीपुढें जाबत्याचा कागद नुसता फडफडला.

पंतांचे घरीं निराळीच दशा. पानावर बसले तर घांस हातींच राहे. बायको सगुणाबाई जात्यावर बसली कीं पंत दचकून पाहात, कारण जात्याची घरघर आणि चक्राची घरघर एकच वाटे. उभे राहिले तर येरझारा, बसले तर उजव्या हाताचीं बोटें मांडीवर चालत, लाल, लाल, काळें, लाल, दिवसभर जें पडलें तें पुन्हा पुन्हा मोजीत. सगुणाबाईनें सहा दिवस पाहिलें आणि वाढतां वाढतां बोलिली:

"आपण खेळत नाहीं म्हणतां, मग बोटें कशास मोजतात?"

पंतांनीं हात पंचाखालीं घेतला आणि म्हणाले कीं आमटी आळणी आहे. आमटी आळणी नव्हती. बाईस तें ठाऊक होतें आणि पंतांसही ठाऊक होतें.

पौर्णिमा उगवली. शेवटची थैली. सरकार सूर्योदयासच गलबतावर गेले, आणि शिदोजीरावांनीं सांगितलें कीं आज दोन प्रहरीं हा नांगर उचलतो, आतां वाटाणे पुरे, कुमकेची लढाई करावी. सरकारांचे डोळे चमकले. काळ्यावर दहा मांडले, लाल पडलें. वीस, लाल. चाळीस, लाल. ऐंशी मांडले तों गोळी हिरव्यांत जाऊन बसली आणि लाडोबानें जीभ चावून चुकचुकल्यासारखें केलें. एकशें साठ, लाल. तीनशें वीस, लाल. थैलींत उरले तीनशें सत्तर. पंतांनीं खडूनें लिहिलेलें तें हेंच, परंतु ऐसें खरें ठरल्याचें कोणास सुख. तीनशें सत्तर मांडले, लाल पडलें, आणि प्रहर दिवस चढला नाहीं तों सातवी थैली उपडी जाहली.

पंतांनीं मनांत देवीस हात जोडले कीं सात हजार गेले, चला, मोहीम संपली, आतां विडा येईल. टोपीकर उठला नाहीं. त्यानें सरबत मागविलें. सरकारांनीं सरबत घेतलें, तबकाकडे पाहिलें, टोपीकरानें रुमाल नीट केला आणि पुन्हा बसला. घटका गेली. दौलतीचे खासे धनी, पुढें कवडी नाहीं, मागें उठणें नाहीं, दोनशें लोकांच्या नजरा अंगावर, घामानें अंगरखा ओला, ऐसे बसून राहिले. मग लाडोबा गोड आवाजांत बोलिला कीं यजमानाच्या कानीं आलें आहे, सरकारच्या खजिन्यांत अजून एक पेटी आहे, नऊ हजारांची. सात वेळां काळें आलें नाहीं, आतां न येऊन जातें कोठें. हें त्यास कोणीं सांगितलें तें आजवर कळलें नाहीं. शिदोजीराव तेव्हां आकाशाकडे पाहात होते, इतकें मात्र पुष्कळांनीं पाहिलें.

सरकारांनीं पंतांकडे मान वळविली आणि हळू आवाजांत आज्ञा केली कीं चंदीची पेटी आणा. पंत म्हणाले, सरकार, मातुश्रींपुढें बेलभंडार उचलला आहे. सरकार म्हणाले:

"गिरमाजी, मला येथून उठवा. कसेंही उठवा. पेटी आणा."

हें बोलतांना सरकारांचा आवाज लहान मुलासारखा जाहला. रागावते तर सोपें होतें. पंत मुजरा करून होडींत उतरले.

कांठावर येऊन पंतांनीं खजिना उघडिला, पेटी दोघां शिपायांचे खांद्यावर दिली, आणि वाट पागेवरोन होती. घोड्यांस चंदीची वेळ कळते. पंतांची चाहूल लागतांच तीनशें माना एकदम वर जाहल्या. कवडी नांवाची म्हातारी घोडी, अंगावर पांढरे ठिपके, पंतांनीं तिला शिंगरूं असतांना हातावर गूळ चारलेला, तिनें मान लांबवून पंतांचा खांदा हुंगला आणि पुढें जाणाऱ्या पेटीकडे पाहून खूर आपटला. ती पेटी म्हणजे हरभरा, हें तिला कोण सांगणार. खूर तिनें माशीसाठीं आपटला असेल. परंतु पंतांस राहावेना. त्यांनीं तिच्या कपाळावर हात ठेविला आणि तेथेंच, उभ्या उभ्या, डोळ्यांस पदर नव्हता म्हणोन बाहीच लाविली. आज्ञा मोडावी तर धनी बैठकीस अडकलेला, दोन प्रहरीं नांगर उठे तोंवर आणखी काय गहाण टाकील त्याचा नेम नाहीं. आज्ञा पाळावी तर शपथ गेली आणि पागही गेली. मग पंत पेटीमागोमाग चालूं लागले, आणि चालतां चालतां कमरेचा शिक्का हातानें चांचपूं लागले.

गलबतावर आले तों टोपीकर उगाच बसला नव्हता. कोणी पैका मांडीत नसतां तो चक्र फिरवीत होता आणि चार वेळां पुन्हा लालच पडलें होतें. अकरा वेळां काळें नाहीं. पेटी सरकारांपुढें ठेविली आणि पंतांनीं किल्ली काढिली. तेव्हां जें जाहलें तें पंतांनीं पुढें एकट्या सगुणाबाईस सांगितलें, आणि तिजपासोन आम्हांस कळलें. पंतांनीं चक्राकडे पाहिलें आणि त्यांचे मनांत आलें कीं अकरा वेळां नाहीं, आतां काळेंच. गोळीस मागील आठवत नाहीं ऐसें ज्यानें स्वहस्तें लिहिलें त्याच गिरमाजीपंतांचे मनांत आलें कीं आतां काळेंच, नऊ हजारांचे अठरा होतात, गेलेलें सात येतें, घोड्यांस दोन वर्षें हरभरा, आणि एकच डाव. बोटें आपोआप चालूं लागलीं. किल्ली कुलपांत शिरली. कानांत घरघर, आणि जन्मांत कधीं नव्हे ऐसें सुख वाटलें. त्या सुखाचीच पंतांस भीति वाटली. मला जर ऐसें वाटतें, तर येथें उठविणारा कोणी उरला नाहीं, हें त्यांचे ध्यानांत आलें, आणि त्यांनीं किल्ली ओढून काढिली.

आतां शिक्क्याची रीत सांगतों. खजिन्याचे शिक्क्यावर कुलस्वामिनीचें नांव. पोतनीस आपखुषीनें शिक्का खालीं ठेवील तर तो भुईवर राहूं द्यावयाचा नाहीं. धन्यानें स्वतां उभें राहून दोहों हातीं उचलावा आणि देवघरीं नेऊन ठेवावा, तोंवर कोठें बसावयाचें नाहीं. आणि एकदां ठेविलेला शिक्का त्या घराण्यांत पुन्हा जात नाहीं. ऐसें दीडशें वर्षांत एकदांच घडलें होतें, म्हणोन टोपीकराच्या लाडोबासही ठाऊक नव्हतें. पंतांनीं कमरेचा शिक्का सोडला, कपाळास लाविला, आणि सरकारांचे पुढें, पेटीवर, किल्लीसुद्धां ठेविला. मग हात जोडून म्हणाले:

"महाराज, आमचे घरची सेवा येथपर्यंत. उठावें."

शिदोजीराव ओरडले कीं हा कसला समय, पंतास बाहेर काढा. लाडोबा धन्याचे कानीं लागला आणि धन्याचा चेहरा उतरला. सरकारांनीं शिक्क्याकडे पाहिलें, चक्राकडे पाहिलें, पुन्हा शिक्क्याकडे पाहिलें. एक क्षण ऐसा गेला कीं पंतांस वाटलें, हे उठत नाहींत. मग सरकार उठले. पाय मुंग्यांनीं भरले होते, लटपटले, पंतांनीं कोपरास आधार दिला, आणि सरकारांनीं दोहों हातीं शिक्का उचलून कपाळास लाविला. देवीचे कामास उठलेल्यास विडा लागत नाहीं. आतां भिऊन पळाले ऐसें म्हणावयास कोणास तोंड राहिलें नाहीं. टोपीकर विड्याचें तबक घेऊन धांवला, तें कोणीं पाहिलेंही नाहीं.

होडींत सरकार उभेच. भरती लागलेली, लाटा उसळत होत्या, दोन माणसांनीं कंबर धरली होती, आणि खासे दोहों हातीं शिक्का छातीशीं धरोन गलबताकडे पाठ करून उभे. पेटी पंतांचे पायांशीं. होडी दहा हात गेली असेल, मागें चक्र पुन्हा फिरल्याचा आवाज आला, मग गोळीचा, टण टण टण, आणि मग थांबली. सरकारांची मान वळूं पाहात होती, परंतु वळली असती तर तोल जाता. गलबतावर कोणी तरी मोठ्यानें हंसलें, कशास तें कळलें नाहीं.

"गिरमाजी, काळें पडलें असेल," सरकार बोलिले.

"पडलें असेल, महाराज."

"तुम्हांस वाटत होतें काय?"

"वाटत होतें," पंत म्हणाले. "फार वाटत होतें. म्हणोनच शिक्का ठेविला."

धक्का आला तेव्हां सरकारांनीं पंतांस पुढें उतरावयास सांगितलें आणि आपण मागून उतरले. हें या दौलतींत पूर्वीं घडलें नव्हतें.

दोन प्रहरीं गलबत गेलें. पोतनिशी दुसरे घराण्यास दिली. पंतांनीं पागेंत चंदी मोजण्याचें जुनें काम मागून घेतलें, दरमहा आठ रुपये, आणि पुढें वीस वर्षें केलें. घरीं भाऊबंदांनीं बोल लाविला कीं पणजाचा शिक्का घालविला, तो त्यांनीं ऐकून घेतला. सरकार कधीं कधीं पागेंत येत, घोडीं पाहात, घटकाभर उभे राहात, पंतांशीं हवापाण्याचें बोलत, आणि जातांना दोघांपैकीं एकजण ती गोष्ट काढी कीं त्या दिवशीं काय पडलें असेल. कळावयास मार्ग नव्हता. पंत म्हणत, लाल पडलें ऐसें कोणी शपथेवर सांगेल तर मी सुखानें निजेन. मग थोडें थांबून म्हणत कीं काळें पडलें ऐसें सांगेल तर मात्र त्यास माझे घरीं येऊं देऊं नका.

एकंदर, मोहिमेस सात सहस्र गेले, जाबत्याआधींचे चार वेगळे. किल्ला पडला नाहीं. घोडीं तीनशें होतीं, ज्येष्ठांत पाऊस येऊन गवत उगवलें तेव्हां तीनशें भरलीं. शिक्का एक गेला. ऐसी ही मोहीम, वाचणारानें जय म्हणावा कीं पराजय, तें आम्हांस ठरवितां आलें नाहीं. लेखनसीमा.